कायद्यातले बारके शब्द: ‘पासून’, ‘किंवा’, ‘करील’ आणि एक स्वल्पविराम

पोटकलम

चेक परत आल्याची नोटीस असो, सोसायटीच्या सभेची असो की भाडेकरार, त्यातला अवघड शब्द लोक वकिलाला विचारतात. ‘पासून’, ‘आत’, ‘किंवा’, ‘परंतु’ हे शब्द विचारायचे असतात हेच कुणाच्या डोक्यात येत नाही. दावा मुदतबाह्य ठरतो तो मात्र बहुतेकदा यांच्यामुळेच. म्हणून हा धागा. कलम, वर्ष आणि हिशेब असेल तरच लिहा. ‘कायदा गाढव असतो’ छाप प्रतिसादांसाठी दुसरे धागे आहेत.

सुरुवात ‘पासून’ने करतो, कारण आपलं रोजचं मराठी इथे थेट दगा देतं. ‘सोमवारपासून दुकान बंद’ म्हटलं की सोमवारी दुकान बंदच असतं, म्हणजे पहिला दिवस धरला जातो. कायद्यातली मुदत ‘पासून’ने सुरू झाली की पहिला दिवस वगळायचा आणि ‘पर्यंत’ असेल तर शेवटचा धरायचा. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम (जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट), १८९७ चं कलम ९ हेच सांगतं. मुदतीच्या कायद्यात (१९६३) कलम १२ आहे. शेवटच्या दिवशी न्यायालय किंवा कचेरी बंद असेल तर पुढच्या उघड्या दिवशी केलेलं काम मुदतीत धरतात, ते वाक्खंड अधिनियमाचं कलम १०.

मुदतवाला

यावरचा सर्वांत शिकण्यासारखा वाद परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम एकशे अडतीसचा, म्हणजे चेक न वटण्याचा. इथे इंग्रजी मजकुरात ‘फ्रॉम’ नाही, ‘ऑफ’ आहे: नोटीस मिळाल्याच्या पंधरा दिवसांच्या आत. मग ‘ऑफ’ असेल तर पहिला दिवस वगळायचा की नाही? या दोन अक्षरी शब्दावर सर्वोच्च न्यायालयाची दोन मतं होती.

१९९९ च्या साकेत इंडिया प्रकरणात नोटीस २९ सप्टेंबर १९९५ ला मिळाली. पंधरा दिवस १४ ऑक्टोबरला संपले. १५ ऑक्टोबरला वादकारण (तक्रार करण्याचा हक्क) निर्माण झालं आणि तक्रार दाखल झाली १५ नोव्हेंबरला. १५ ऑक्टोबर धरला तर महिना १४ नोव्हेंबरला संपतो आणि तक्रार एक दिवस उशिरा. वगळला तर मुदतीत. न्यायालयाने वगळला. त्याच वर्षी सिल इम्पोर्ट प्रकरणात दुसऱ्या खंडपीठाने उलट हिशेब केला. शेवटी २०१३ मध्ये इकॉन अँट्री प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की ‘ऑफ’ आणि ‘फ्रॉम’ इथे एकाच अर्थाने आलेत, पहिला दिवस वगळायचा, साकेत बरोबर.

आता हिशेब कागदावर करून दाखवतो. नोटीस ४ मार्च २०२५ ला पोचली (पोचपावतीवरची तारीख घ्यायची, पाठवल्याची नाही).

४ मार्च वगळा. ५ ते १९ मार्च हे पंधरा दिवस. १९ मार्चच्या रात्रीपर्यंत पैसे देण्याचा हक्क समोरच्याला आहे.
२० मार्चला वादकारण. तो दिवसही वगळा.
एक महिना २० एप्रिलला संपतो. २० एप्रिल २०२५ रविवार, म्हणून २१ ला तक्रार केली तरी चालते.

चुका दोन प्रकारच्या होतात. घाईची चूक म्हणजे १९ मार्चला किंवा त्याआधी तक्रार टाकणं. पंधरा दिवस संपायच्या आत टाकलेली तक्रार कायद्याने तक्रारच नव्हे, मागाहून दिवस उलटले म्हणून ती जिवंत होत नाही, हे २०१४ मध्ये ठरलं. दुसरी चूक पुढे लिहितो.

जुना_नाझर

दुसरी चूक मीच लिहितो, कारण फायलिंगच्या खिडकीवर सर्वांत जास्त तीच असते. ‘एक महिना’ म्हणजे तीस दिवस नव्हे. वाक्खंड अधिनियमात महिना म्हणजे इंग्रजी पंचांगाचा महिना. वरच्या उदाहरणात तीस दिवस मोजले तर १९ एप्रिल येते, म्हणजे एक दिवस आधीच, त्यात नुकसान नाही. फेब्रुवारीत गणित उलटतं. वादकारण ५ फेब्रुवारी २०२५ चं असेल तर महिना ५ मार्चला संपतो. तीस दिवस मोजणारा ७ मार्चला येतो आणि दोन दिवस उशिरा पडतो.

एकशे अडतीसमध्ये उशीर माफ होऊ शकतो, कलम १४२ च्या परंतुकात (‘परंतु’ने जोडलेल्या अपवादात) तशी सोय आहे. पुरेसं कारण दाखवावं लागतं, अर्ज वेगळा द्यावा लागतो, आणि ‘तीस दिवस मोजले’ हे कारण पुरेसं आहे का यावर पहिल्याच तारखेला वाद होतो.

बँकेचा रिटर्न मेमो मिळाल्यावर नोटीस पाठवायची मुदत मात्र तीस ‘दिवस’ आहे, महिना नाही. एकाच प्रकरणात दिवस, दिवस आणि मग महिना, असं तीन वेळा मोजायचं आहे.

शिरोरेघ

याच जातीचं आणखी एक. लवादाचा निवाडा रद्द करून घ्यायला लवादाच्या कायद्यातल्या कलम ३४(३) मध्ये तीन महिने आहेत, परंतुकात आणखी तीस दिवस, आणि पुढे चार शब्द: ‘पण त्यानंतर मात्र नाही’. या चार शब्दांनी मुदतीच्या कायद्याचं उशीर माफ करणारं कलम ५ बाहेर गेलं. २००१ च्या पॉप्युलर कन्स्ट्रक्शन प्रकरणापासून न्यायालयाला एकतिसावा दिवस माफ करता येत नाही, कारण कितीही खरं असो. २०१० मध्ये हिमाचल टेक्नो इंजिनिअर्समध्ये ठरलं की तीन महिने म्हणजे नव्वद दिवस नव्हेत. २०१२ मध्ये आणखी बारीक विणलं: वाढीव तीस दिवस ही ‘मुदत’ नव्हेच, ती सवलत. म्हणून वाढीव तिसावा दिवस सुट्टीत आला तर कोर्ट उघडल्यावर दाखल करण्याची सोयही मिळत नाही. सुट्टीचा फायदा फक्त मूळ तीन महिन्यांना.

घरकुल२बीएचके

भाडेकरारात काय करायचं मग? ‘१ एप्रिलपासून अकरा महिने’ असं सगळेच लिहितात.

पोटकलम

वाक्खंड अधिनियम हा अधिनियमांसाठी आहे, दोघांमधल्या कराराला तो आपोआप लागत नाही. भाडेपट्टा असेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम ११० आहे: ‘अमुक तारखेपासून’ लिहिलं की ती तारीख वगळायची. म्हणजे ‘१ एप्रिलपासून एक वर्ष’ हा पट्टा दुसरं काही लिहिलं नसेल तर पुढच्या १ एप्रिलच्या रात्री संपतो, आदल्या दिवशी नाही. लिव्ह अँड लायसन्स हा पट्टा नाही, त्यामुळे तिथे कराराचे शब्दच पाहणार. उपाय सोपा आहे, ‘पासून’वर भरवसाच ठेवू नका. ‘१ एप्रिल २०२५ ते २८ फेब्रुवारी २०२६, दोन्ही दिवस धरून’ असं लिहा. ‘दोन्ही दिवस धरून’ या तीन शब्दांना स्टँप ड्युटी लागत नाही.

सोसायटीवाल्यांसाठी: आदर्श उपविधींत वार्षिक सभेला १४ ‘पूर्ण’ दिवसांची नोटीस आहे. ‘पूर्ण’ आला की नोटीस मिळाल्याचा दिवस आणि सभेचा दिवस, दोन्ही वगळायचे. सभा २८ सप्टेंबरला असेल तर १४ ते २७ हे चौदा दिवस रिकामे हवेत. म्हणजे नोटीस १३ तारखेपर्यंत हातात पडली पाहिजे. १४ ला वाटली तर तेराच दिवस भरतात, आणि सभेत हरलेल्या बाजूला आयता मुद्दा मिळतो.

आडवी_रेघ

स्वल्पविरामाबद्दल कुणीच काही लिहिलं नाही? महाराष्ट्रातलेच दोन निकाल आहेत आणि ते शेजारीशेजारी ठेवूनच वाचावेत.

पहिला १९७९ चा. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाच्या कलम २७ मध्ये शिक्षा कुणाला, तर जो औषध विक्रीसाठी बनवतो, विकतो, ‘साठवतो किंवा विक्रीसाठी मांडतो’, वाटतो त्याला. एका माणसाकडे मोठा साठा सापडला, पण विकत असल्याचा पुरावा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने इंग्रजी मजकुरात बोट ठेवलं: ‘स्टॉक्स’ या शब्दानंतर स्वल्पविराम नाही. म्हणून ‘विक्रीसाठी’ हे शब्द मागे ‘साठवतो’पर्यंतही लागतात. नुसता ताबा पुरत नाही, विकण्यासाठी साठवलं होतं हे दाखवायला हवं. आरोपी सुटला.

दुसरा १९८८ चा, विदर्भात तेव्हा लागू असलेल्या सी. पी. अँड बेरार भाडे नियंत्रण आदेशाचा (१९४९). भाडेकरूला काढायची परवानगी केव्हा, तर त्याने ‘दुसरी जागा मिळवली आहे, किंवा सलग चार महिने तो भाग सोडून गेला आहे आणि त्याला घराची वाजवी गरज नाही’. भाडेकरूचं म्हणणं, दुसरी जागा मिळाली तरी मला याही घराची गरज आहे, ते आधी तपासा. न्यायालय म्हणालं, ‘जागा मिळवली आहे’ यानंतर स्वल्पविराम आहे. त्यामुळे ‘गरज नाही’ ही अट फक्त दुसऱ्या भागाला. दुसरी जागा मिळवली, की गरजेचा प्रश्नच येत नाही.

एका ठिकाणी नसलेल्या स्वल्पविरामाने माणूस सुटला, दुसऱ्या ठिकाणी असलेल्या स्वल्पविरामाने घर गेलं.

परंतुक_प्रेमी

भारी. पण विरामचिन्हावर कायदा फिरवणं धोक्याचं नाही का? टंकलेखकाची चूकही असू शकते.

आडवी_रेघ

धोक्याचं आहेच, म्हणून न्यायालयं विरामचिन्हाला एकट्याने निर्णायक मानत नाहीत. मजकुराचा अर्थ आणि हेतू त्याच दिशेला जात असेल तर ते पुष्टी देतं. १९७९ च्या निकालात फौजदारी कलम होतं, शंका आरोपीच्या बाजूने. मात्र राजपत्रातली प्रत काढून बघणं आवश्यक. खासगी प्रकाशकांच्या पुस्तकांत आणि संकेतस्थळांवर स्वल्पविराम बिनधास्त गळतात.

शिरोरेघ

आता ‘आणि’-‘किंवा’. वाचणाऱ्याला वाटतं यात काय, शाळकरी शब्द आहेत. औषधाच्या व्याख्येतच ‘मेडिसिन्स’ आणि ‘सबस्टन्सेस’ यांच्यामधला ‘अँड’ १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘किंवा’ असा वाचला, नाहीतर व्याख्येचा हेतूच बुडत होता. त्याआधी १९६३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात कापूस, बँडेज आणि गॉझ हेही ‘ड्रग’ ठरले होते. उलट २००० मध्ये हैदराबाद अ‍ॅस्बेस्टॉस प्रकरणात उत्पादनशुल्काच्या नियमातला ‘अँड’ हा ‘अँड’च राहील असं ठरलं. म्हणजे बदलून वाचायची मुभा सरसकट नाही. सरळ वाचल्यावर अर्थ हास्यास्पद होत असेल किंवा कायद्याचा उद्देश मरत असेल, तरच.

मराठीत खरी अडचण नकाराबरोबर होते. ‘अर्ज आणि शुल्क न दिल्यास नोंदणी रद्द’. अर्ज दिला, शुल्क राहिलं. रद्द की नाही? ‘आणि’ शब्दशः घेतला तर दोन्ही राहिलं तरच रद्द. लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा ‘एक जरी राहिलं तरी’ असतं. मग तसंच लिहावं: ‘यांपैकी कोणतीही एक गोष्ट राहिल्यास’.

वऱ्हाडी_ठेचा

विशेषणाचंही तेच. ‘धोकादायक इमारती आणि गाळे पाडावेत’. चांगला धडधाकट गाळाबी पाडता का मंग? ‘धोकादायक’ले लिंग नाही, वचन नाही, कुठंबी चिकटते. पण ‘जुन्या इमारती आणि गाळे’ म्हटलं तर ‘जुन्या’ फक्त इमारतींचं, गाळ्यांले ‘जुने’ पाहिजे. आपलं व्याकरण इंग्रजीपेक्षा इथं कामाचं आहे.

शिरोरेघ

निम्मं मान्य. ‘जुन्या’ इमारतींशी जुळतं हे खरं, पण मराठीत विशेषण जवळच्या नामाशी जुळवून पुढच्या सगळ्यांना लावायची पद्धतही आहे. ‘धाकट्या बहिणी आणि भाऊ आले’ घ्या. भाऊही धाकटे, असं ऐकणारे अनेक निघतील. व्याकरणाचा आधार युक्तिवादात घ्यावा, मसुदा करताना घेऊ नये. मसुद्यात विशेषण दोनदा लिहा, शाई थोडी जास्त लागेल.

परंतुक_प्रेमी

‘करील’ आणि ‘करू शकेल’चं कुणी सांगा. आमच्या नगरपालिकेच्या उपविधीत सगळीकडे ‘करील’ आहे, भविष्यकाळ असल्यासारखं. करील तेव्हा करील.

पोटकलम

हा घोळ मराठीपुरताच आहे. इंग्रजी ‘शॅल’ला आपल्या अधिनियमांत ‘करील’ आणि ‘मे’ला ‘करू शकेल’ किंवा ‘करता येईल’ असा ठरलेला प्रतिशब्द आहे. वाचणाऱ्याला ‘करील’मध्ये भाकीत ऐकू येतं, कायद्यात तो हुकूम असतो.

मात्र ‘शॅल’ दिसला की बंधन आणि ‘मे’ दिसला की मर्जी, असंही नाही. शब्दापेक्षा पुढे परिणाम लिहिलाय का ते बघायचं. लेखी कैफियतीचं, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराचं, उदाहरण घ्या. साध्या दिवाणी दाव्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आठव्या आदेशाचा नियम १: ३० दिवस, कमाल ९० दिवस, तिथे ‘शॅल’ आहे. तरीही २००५ मध्ये न्यायालय म्हणालं, हे निर्देशात्मक आहे, बंधनकारक नाही, अपवादात्मक परिस्थितीत ९० नंतरही घेता येईल. वाणिज्यिक दाव्यांत त्याच नियमात दुरुस्ती करून १२० दिवस दिले आणि जोडलं की त्यानंतर प्रतिवादी हक्क ‘गमावील’ आणि न्यायालय कैफियत अभिलेखावर घेणार नाही. २०१९ मध्ये ठरलं, १२१ व्या दिवशी दार बंद. ग्राहक आयोगात ३० अधिक ‘जास्तीत जास्त १५’, तेही बंधनकारक, हे घटनापीठाने ४ मार्च २०२० ला सांगितलं. तीन मंच, तिन्हीकडे ‘शॅल’, उत्तरं दोन.

तुमच्या उपविधीत ‘मुख्याधिकारी ३० दिवसांत निर्णय देईल’ एवढंच असेल तर ३१ व्या दिवशी दिलेला निर्णय रद्द होण्याची शक्यता कमी. पुढे ‘न दिल्यास परवानगी दिली असल्याचे मानण्यात येईल’ असं असेल तर चित्र बदललं.

मुदतवाला

उलटही होतं. उत्तर प्रदेशातल्या नियमात राजपत्रित कर्मचाऱ्याने विनंती केली तर राज्यपाल त्याचं प्रकरण न्यायाधिकरणाकडे पाठवू ‘शकतील’ असं होतं. १९६३ मध्ये तो ‘मे’ बंधनकारक ठरला, कारण विनंतीचा हक्क देऊन मग ती मर्जीवर सोडली तर त्या हक्काला अर्थ उरत नाही.

आणि दिवाळखोरी संहितेत २०२२ चा विदर्भ इंडस्ट्रीज पॉवर. वित्तीय धनकोच्या (कर्ज देणाऱ्याच्या) अर्जाला कलम ७(५) मध्ये ‘मे’, व्यवहारातल्या धनकोच्या (माल किंवा सेवा पुरवणाऱ्याच्या) अर्जाला कलम ९(५) मध्ये ‘शॅल’. एकाच कायद्यात दोन कलमांत दोन शब्द वापरलेत म्हणजे मुद्दाम वापरलेत, असं न्यायालयाने धरलं. कंपनीला अपिली न्यायाधिकरणाच्या आदेशानुसार १,७३० कोटी येणं होते, हेही विचारात घेता येईल म्हणाले. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच स्पष्ट केलं की तो निकाल त्याच्या वस्तुस्थितीपुरता. तेव्हा एका ‘मे’वर फार मोठी इमारत बांधू नये.

घरकुल२बीएचके

‘मानण्यात येईल’ हा काय प्रकार आहे? एकतर आहे किंवा नाही.

जुना_नाझर

नसलेलं आहे असं धरायला लावणारा शब्द तो. जुन्या मुंबई भाडे कायद्याचं कलम १५-अ बघा. १ फेब्रुवारी १९७३ ला जो माणूस चालू लायसन्सवर ‘एका खोलीपेक्षा कमी नाही’ एवढ्या जागेत राहत होता, तो त्या दिवशी भाडेकरू झाल्याचं मानण्यात येईल. ३१ जानेवारीला लायसन्स संपलेला माणूस बाहेर. खाटेपुरती जागा घेतलेला पेइंग गेस्ट बाहेर. आणि कलमाच्या सुरुवातीला ‘इतर काहीही अंतर्भूत असले तरी’, त्यामुळे करारात ‘भाडेकरूचा हक्क मिळणार नाही’ लिहिलेलं असलं तरी निरुपयोगी. मुंबईतल्या किती खोल्यांचा ताबा या तीन तुकड्यांवर लटकला असेल, मोजदाद नाही.

‘काहीही असले तरी’ आणि ‘च्या अधीनतेने’ यांत मात्र लोक कायम गोंधळतात. पहिला शब्द असलेलं कलम वरचढ, दुसरा असलेलं कलम पडतं.

आडवी_रेघ

जमीनवाल्यांसाठी एक शब्द: ‘पूर्वोक्त’. नगररचना अधिनियम, १९६६, कलम १२७. आरक्षण पडून दहा वर्षं झाली आणि संपादन नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या मुदतीत (आधी ६ महिने, २००९ मध्ये १२, २०१५ मध्ये २४) जमीन संपादित झाली नाही किंवा ‘पूर्वोक्त पावले’ उचलली नाहीत तर आरक्षण संपुष्टात आल्याचं मानलं जातं. पालिका काय करायची, तर मुदत संपता संपता महासभेचा ठराव करून प्रस्ताव शासनाकडे धाडायची आणि म्हणायची, हे बघा पाऊल. २००७ च्या गिरनार ट्रेडर्स प्रकरणात बहुमताने सांगितलं की ‘पूर्वोक्त’ म्हणजे मागच्या कलम १२६ मधलं पाऊल, ज्यातून संपादनाची घोषणा होते. ठराव आणि पत्रव्यवहार पाऊल नव्हे. ‘पूर्वोक्त’ नसता तर कुठलीही हालचाल पाऊल ठरली असती.

परंतुक_प्रेमी

शेवटचा प्रश्न. मराठी आणि इंग्रजी मजकुरात फरक निघाला तर?

पोटकलम

राज्याचा अधिनियम मराठीत केला असेल तर राज्यपालांच्या प्राधिकाराने राजपत्रात आलेला इंग्रजी अनुवाद हा अनुच्छेद ३४८(३) प्रमाणे इंग्रजीतला प्राधिकृत पाठ मानतात, आणि दोन पाठ भांडले तर न्यायालयं इंग्रजीकडे झुकतात. १९९६ मध्ये बिहारच्या एका प्रकरणात हिंदी पाठाबाबत हेच ठरलं. केंद्रीय कायद्यांच्या प्रादेशिक भाषांतल्या पाठांना १९७३ च्या अधिनियमाने प्राधिकृत दर्जा आहे, पण वादाच्या शब्दावर बोट ठेवायचं तर दोन्ही प्रती समोर ठेवा. ‘किंवा’च्या जागी इंग्रजीत काय आहे, स्वल्पविराम कुठे पडलाय, ‘पासून’ म्हणजे ‘फ्रॉम’ की ‘ऑफ’, हे पेन्सिलने खुणा करून बघा. तुमच्या नगरपालिकेच्या उपविधीचा तो ‘करील’ परिच्छेद इथे टाका, परिणामाचं वाक्य पुढे आहे का ते आधी बघू.